शंभरातले सहा

दुधाच्या पातेल्यात तळाशी घातलेली बशी खडखडायला लागली, तेव्हा कुठं त्या स्वयंपाकघरातली शांतता मोडली.

दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यात बशी पालथी घालायची सवय शोभाला तिच्या आईनं लावलेली. गॅस जाऊन विजेची शेगडी आली, तिला स्वतःहून बंद व्हायची अक्कल होती, पण शोभानं ती अक्कल पहिल्याच दिवशी बंद करून टाकली होती. बशी वाजली की घरात असेल तिथून ती धावायची. आज ती ओट्यापासून दोन हातांवर उभी होती, दूध काठाला आलं होतं, आणि ती नुसती लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

शेवटी गौतमीनंच हात लांब करून शेगडी बंद केली.

"आई, मी काहीतरी विचारलंय."

"ऐकलं मी."

"मग?"

"तुला कुणी सांगितलं?"

गौतमीनं विचारलं होतं ते एवढंच, की माझ्याबरोबर तुझ्या पोटात अजून एक बाळ होतं का. घरून निघताना तिनं दोन उत्तरांची तयारी केली होती. आई एकतर 'काहीतरीच काय' म्हणून हसेल, नाहीतर डोळ्याला पदर लावून म्हणेल, होतं, पण राहिलं नाही. 'कुणी सांगितलं' हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती तिथंच फरशीवर बसली.

"माझ्या रक्तानं सांगितलं," ती म्हणाली.

*

सुरुवात झाली होती चकत्यांपासून.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात गौतमी सात वर्षं तपासनीस होती. तिथं काचेच्या चकत्या बनायच्या, शर्टाच्या बटणापेक्षा थोड्या मोठ्या. नुसत्या डोळ्यांना कोरी काच दिसायची. आत मात्र केसाच्या चौथ्या हिश्शाएवढ्या अरुंद वाटा कोरलेल्या असायच्या. त्या वाटेनं रक्तातली पेशी एकटी जाते, एकीमागून दुसरी. आडव्या वाटेनं प्रकाश येतो, पेशीतून पार होतो आणि निघताना जरासा बदलून निघतो. पेशीचं केंद्रक केवढं, आतला ऐवज दाट की पातळ, त्यावर तो बदल ठरतो. पेशीला रंग लावायला नको की मारायला नको. ती उजेडातून चालत जाते आणि आपला ठसा मागं ठेवून जाते.

रुग्णालयातल्या यंत्रात अशा चारशे चकत्या बसवलेल्या असत. रुग्णाचं रक्त एका नळीनं यंत्रात यायचं, दुसरीनं परत अंगात जायचं. एखाद्या पेशीचा ठसा वेडावाकडा दिसला, की चकतीतल्या पुढच्याच वळणावर लेझरची सुईच्या टोकाएवढी ठिणगी तिला फोडून टाकायची. शेजारच्या निरोगी पेशीला धक्काही लागायचा नाही. कागदोपत्री यंत्राचं नाव लांबलचक होतं. मिरज-सांगलीकडची माणसं त्याला 'उजेडाची चाळण' म्हणायची.

नियमाप्रमाणं प्रत्येक चकती वरून आलेल्या नमुन्याच्या रक्तावर तपासायची. पण ते रक्त बर्फातून यायचं, एका दिवसात शिळं व्हायचं. मग तपासनीस बायकांनी आपली युक्ती काढली होती. सकाळी टेबलाशी बसलं की बोट टोचायचं आणि आपल्याच थेंबावर दिवसभराच्या चकत्या तपासायच्या. आपला ठसा आपल्याला पाठ असतो. साहेबांना हे माहीत होतं, आणि साहेब त्या वेळी दुसरीकडे बघायचे.

गौतमीचा थेंब तर कारखान्यात नावाजलेला. बाकीच्यांच्या रक्ताचा पडद्यावर एकच उंचवटा उमटायचा. गौतमीच्या रक्ताचे दोन, एक डोंगराएवढा आणि त्याच्या कुशीत एक बारकासा. तो बारका स्पष्ट दिसला, की समजायचं, चकतीची नजर तेज आहे. शेजारच्या टेबलावरची स्वप्नाली अडलेली चकती तिच्याकडे घेऊन यायची. "जरा तुझा थेंब दे गं." तो बारका उंचवटा मुळात का आहे, हा प्रश्न सात वर्षांत एकीलाही पडला नाही. गौतमीलाही नाही. कुणाला गालावर तीळ असतो, कुणाला नसतो, तसं.

तीन आठवड्यांपूर्वी गौतमीनं पाच दिवसांत चाळीस चकत्या नापास केल्या. मोठा उंचवटा नेहमीसारखा येईना. पसरट यायचा, कडेला दाते पडल्यासारखा. काचेच्या भट्टीवर काम करणाऱ्या इरफानशी ती दोनदा भांडली.

"माझी भट्टी कशाला बिघडते? तुझा चष्मा बदल," इरफान म्हणाला.

"चष्मा बदलून दाते जाणारेत का?"

सहाव्या दिवशी स्वप्नालीनं नापास डब्यातली एक चकती सहज उचलून आपल्या थेंबावर लावली. "अगं, ही चांगलीय की." मग दुसरी लावली. "ही पण! काय गं गौतमी, झोपेत काम करतीस का?" ती हसत हसत एकेक लावत गेली. बाराव्या चकतीला तिचं हसू बारीक झालं. विसाव्याला थांबलं. चाळीसच्या चाळीस चकत्या ठणठणीत होत्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग स्वप्नालीनं पुढं होऊन गौतमीचा पडदा विझवला, जणू पडदा विझला की ते खरं राहणार नव्हतं.

*

मिरजेच्या रुग्णालयातल्या डॉक्टर मुल्ला पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. वाईट बातमी सांगताना खुर्ची ओढून रुग्णाच्या बाजूला येऊन बसायची त्यांची पद्धत होती. त्या खुर्ची ओढायला लागल्या तेव्हाच गौतमीला समजलं.

रक्ताचा कर्करोग होता, झपाट्यानं वाढणाऱ्या जातीचा. पण डॉक्टरांचं बोलणं तिथं संपलं नाही.

"तुमच्या अंगात दोन माणसांचं रक्त बनतंय, गौतमी. शंभरातल्या चौऱ्याण्णव पेशी तुमच्या आहेत. सहा तुमच्या नाहीत."

"म्हणजे? मी कधी रक्त घेतलेलं नाही. शर्वीच्या बाळंतपणातसुद्धा नाही."

"घेतलेलं रक्त चार महिन्यांत संपतं. हे हाडांच्या मज्जेत घर करून बसलंय. पुरुषाच्या पेशी आहेत. पेशी वाढतात तशा त्यांच्या डीएनएवर वयाच्या खुणा पडतात. त्या खुणा मोजल्या. वय तुमच्याएवढंच, चौतीस."

गौतमी टोचून टोचून निबर झालेल्या आपल्या बोटाकडे बघायला लागली.

"पोटात जुळी असली, की कधीकधी दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळतात. इकडच्या मूळ पेशी तिकडं जातात, तिकडच्या इकडं येतात, आणि जन्मभर रक्त बनवत राहतात. तुम्हाला जुळा भाऊ होता. आणि ऐका, रोग तुमच्या चौऱ्याण्णवांत शिरलाय. त्या सहांत नाही."

पुढचं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. औषध देऊन मज्जेतल्या पेशी रक्तात उतरवायच्या. रक्त चाळणीतून फिरवायचं. गौतमीच्या स्वतःच्या रक्तपेशी तेवढ्या फोडायच्या. अशा दहा बैठका. मोकळ्या झालेल्या जागेत ते सहा वाढत जातील आणि शंभर होतील. परक्याची मज्जा बसवली तर शरीर तिच्याशी भांडतं. या पेशींशी भांडणार नाही, कारण त्यांची ओळख जन्माच्या आधीची.

"म्हणजे माझं जाळायचं आणि त्याचं ठेवायचं," गौतमी म्हणाली.

"हो. पण यंत्राला 'त्याचं' म्हणजे काय ते शिकवावं लागेल. तुमच्यातल्या सहांवरून नाही शिकवता येत. आजारी पेशी सोंगं घेतात, त्यांच्यात मिसळून बसतात. एक जरी सुटली तरी सगळं पाण्यात. निखळ नमुना पाहिजे, आणि तो फक्त त्याच्याकडे मिळेल."

"आणि तो जन्मलाच नसेल तर?"

"तर नेहमीची औषधं. त्यात दहातले दोघं तगतात." डॉक्टरांनी तिच्या हातावर हात ठेवला. "आईंना विचारा. पंधरा दिवस आहेत, जास्त नाहीत."

त्या संध्याकाळी घरी शर्वी पलंगाखाली टॉर्च घेऊन बसली होती. सहा वर्षांची पोर. टॉर्चच्या तोंडावर तळहात दाबून धरला होता, आणि बोटांच्या फटी लालभडक पेटल्या होत्या.

"आई, बघ! माझ्या हातात दिवा लागलाय."

गौतमी पोटावर पडून पलंगाखाली सरकली. शर्वीनं टॉर्च तिच्या हाताला लावला.

"तुझा पण लाल," शर्वी समाधानानं म्हणाली. "सेम टू सेम."

"सेम टू सेम," गौतमी म्हणाली, आणि तशीच पलंगाखाली पोरीला कवटाळून पडून राहिली. पोर म्हणाली, "आई, दाबतीयेस," तेव्हा तिनं सोडलं.

*

आता शोभा ओट्याला टेकून उभी होती आणि गौतमी फरशीवर.

"होतं नाही गं," शोभा म्हणाली. "आहे."

"कोण आहे?"

"रंजूताईचा पुष्कर."

गौतमीला पहिल्यांदा हसूच आलं. पुष्कर? आजऱ्याचा पुष्कर, काजूचा कारखानावाला, रंजूमावशीचा एकुलता एक? तिच्याहून दोन महिन्यांनी लहान, म्हणून आठवीपर्यंत तिनं ज्याच्यावर ताईगिरी केली तो? तिला सख्खा भाऊ नाही म्हणून लग्नात नवऱ्याचा कान पिळायला त्यालाच उभा केला होता. त्यानं विराजचा कान असा पिळला, की सगळा मांडव हसला. आई तेवढ्यात कुठंतरी निघून गेली होती. 'जेवणाचं बघायला गेले होते,' नंतर म्हणाली होती.

"ताईची तीन गेली पोटात," शोभा सांगत होती. आवाज सपाट, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसा. "सासू तिला हळदीकुंकवाला पुढं येऊ देत नव्हती. मला पाचव्या महिन्यात दोन दिसली सोनोग्राफीत. मीच म्हटलं, ताई, यातलं एक तुझं. ती नको म्हणाली. मीच म्हटलं. बाराव्या दिवशी, बारशाच्या आधी, मी तिची खणानारळानं ओटी भरली आणि त्यात बाळ घातलं. आजऱ्यात घरीच जन्मला म्हणून दाखला काढला, दोन महिने पुढचा. तुझे बाबा, ताई, भावोजी आणि मी. चौघांना ठाऊक. त्यातले दोघं गेले."

"आणि पुष्करला?"

"काही ठाऊक नाही. देवीपुढं शब्द दिलाय मी. आजपासून मी मावशी. मेले तरी दुसरं बोलणार नाही."

"मग त्याला आता बोलवायचं, आई. उद्याच्या उद्या."

शोभा गप्प राहिली.

"आई?"

"नातेनोंदीत येईल ना गं ते?"

येणार होतं. गौतमीनं तिथूनच डॉक्टरांना फोन करून विचारलं, कुणाला न कळता नमुना घेता येईल का. नाही. खोटे नातेवाईक उभे करून मूत्रपिंडं विकायचा धंदा माजला, तेव्हा केलेला कायदा. नमुना जुळला, की यंत्र ते नातं परस्पर सरकारी नोंदीत चढवतं आणि नात्यातल्या प्रत्येकाच्या फोनवर कळवतं. दात्यानं 'मान्य' म्हटलं तरच पुढचं काम. 'हरकत' म्हटलं तर चौकशीसाठी नमुना पंचेचाळीस दिवस कुलपात.

"बोलाव म्हणजे काय, उचलून फोन करते," शोभा म्हणाली. "पण आधी ताईला विचारते."

"विचारते?" गौतमी ताडकन उभी राहिली. "विचारते, आई? ती नाही म्हणाली तर?"

"ओटीत घातलेलं परत मागता येत नाही, गौतू. विचारता तेवढं येतं."

जन्मात पहिल्यांदा गौतमीला आपल्या आईची भीती वाटली. ही बाई तिच्यासाठी कुठल्याही आगीत उडी घालेल याबद्दल तिला कधी शंका नव्हती. आताही नव्हती. पण त्या आगीच्या काठावर उभं राहून ही आधी दुसऱ्या एका बाईची परवानगी मागणार होती. तेवढ्या वेळात काय वाट्टेल ते होऊ शकत होतं.

शोभानं फोन ओट्यावर ठेवला. पलीकडून रंजूमावशीचा मोठा आवाज आला.

"शोभे, बरं झालं केलास! शर्वीला काजू पाठवलेत, भाजलेले. खारट नकोत म्हणाली होती ना ती? गौतू कशी आहे? अशक्तपणा गेला का?"

शोभानं सगळं सांगितलं. एकदाही न थांबता, रोगाचं, चाळणीचं, सहा पेशींचं, नोंदीचं. सांगून झाल्यावर म्हणाली, "आता तू सांग, ताई."

पलीकडे लांबून पुष्करचा आवाज ऐकू आला, भुकेला, वैतागलेला. "आई, वाढतीयेस ना?"

"आले रे," रंजूमावशी म्हणाली. मग फोनमध्ये, अगदी हळू, "परवा आणते त्याला. पण सांगणार मी. वाटेत सांगते. तू नको हां, शोभे. मी."

*

"काय गं गौते, आयुष्यभर डोकं खाल्लंस, आता रक्तपण प्यायचंय?"

पुष्कर रुग्णालयाच्या व्हरांड्यात शिरला तो काजूची पिशवी हलवत. शर्वी 'पुष्करमामा' म्हणून ओरडत त्याच्या पायाला बिलगली. त्यानं तिला खांद्यावर घेतलं. धारवाडहून रजा काढून आलेला विराज उठला, त्याचा कान पुष्करनं रिवाजाप्रमाणं ओढला. सगळं कळलेला माणूस असा येत नाही, गौतमीच्या मनात आलं.

तिनं रंजूमावशीकडे पाहिलं. मावशी भिंतीला धरून चालत होती. तिनं मान किंचित हलवली. नाही.

"तीन तास गाडीत ही माउली एक अक्षर बोलली नाही," पुष्कर म्हणाला. "मी आपला एकटाच बडबडतोय. दाढ दुखतीय का म्हटलं, तर नाही. ऊठ की शोभामावशी, हिला चहा पाज."

शोभा जागची हलली नाही. दोघी बहिणी एका बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"पुष्कर, तुझ्याशी जरा..." गौतमीनं सुरुवात केली. पण परिचारिका आली, 'एकच थेंब' म्हणाली, आणि पुष्करनं बोट पुढं केलं. थेंब चकतीवर पडला. आपल्याच कारखान्यातली चकती, कडेवरच्या आकड्यावरून गौतमीनं ओळखली. थेंब उजेडात निघाला. आता थांबवायला काही उरलं नव्हतं. ती मावशीकडे वळून डोळ्यांनी म्हणाली, आता तरी.

चार फोन एकदम वाजले.

पुष्करनं आपला काढला. वाचून खो खो हसला.

"घ्या! ऐका, ऐका. 'नातेनोंद दुरुस्ती. गौतमी आणि पुष्कर. सख्खी भावंडं, जुळी. आई, शोभा.' सरकारी कारभार बघ! आपल्याला जुळं करून टाकलं. मावशी, पेढे काढ, चौतीस वर्षांचा घोडा झालाय तुला!"

कुणीही हसलं नाही.

तो अजून हसतच होता. हसता हसता त्यानं विराजकडे पाहिलं, विराजनं मान खाली घातली. गौतमीकडे पाहिलं. मग बाकाकडे.

"आई?" तो म्हणाला.

बाकावरच्या दोन्ही बायकांनी एकदम वर पाहिलं.

त्या एका क्षणात त्याला सगळं कळलं, हे गौतमीनं डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं नाही. ते तिथंच राहिलं, घरातली माणसं निघून गेल्यावर दिवा चालू राहावा तसं. त्यानं शर्वीला खांद्यावरून अलगद खाली उतरवलं.

डॉक्टर मुल्ला हातात पाटीसारखा टॅब घेऊन आल्या. पडद्यावर दोन चौकोन होते, मान्य आणि हरकत. त्यांनी खालच्या आवाजात त्याला सगळं सांगितलं. मान्य म्हटल्यावर जुना जन्मदाखला रद्द होईल. आईच्या रकान्यातलं रंजनाताईंचं नाव जाईल. हरकत घ्यायचा त्याला पुरा हक्क आहे, कुणी जबरदस्ती करणार नाही. मात्र पंचेचाळीस दिवस...

"तिच्याकडे किती आहेत?" पुष्करनं विचारलं.

"तेवढे नाहीत."

त्याचं बोट पडद्यावर अधांतरी राहिलं. गौतमीला म्हणायचं होतं, राहू दे रे. मनात वाक्य तयार होतं. तिनं तोंड उघडलं, आणि तिची नजर शर्वीच्या सुटलेल्या रिबिनीवर पडली, आणि तोंड मिटलं. तिला जगायचं होतं. निर्लज्जासारखं, कुणाच्याही आईचं नाव पुसून जगायचं होतं. दोन दिवसांपूर्वी आईच्या ज्या गप्प बसण्याचा तिला राग आला होता, तसंच तीही गप्प बसली.

"दाब," रंजूमावशी म्हणाली.

पुष्करनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"दाब म्हणते ना." ती उठली होती. लटपटत जवळ आली. त्याच्या मनगटाला धरलं, लहान पोराला अक्षर गिरवायला शिकवावं तसं. "तुझ्या बहिणीसाठी आहे बाळा. दाब."

त्यानं 'मान्य'वर बोट टेकवलं. पाटीनं बारीकसा आवाज केला. मग हळूच, पण नक्की, त्यानं आपलं मनगट सोडवून घेतलं.

नमुना द्यायला सव्वा तास लागला. एवढ्या वेळात शोभानं एकदा पाण्याची बाटली बहिणीपुढं केली. रंजूमावशीनं ती घेतली, झाकण न उघडता मांडीवर धरून बसली.

तो बाहेर आला तेव्हा कोपराच्या खळगीत कापूस होता. गौतमीसमोर थांबला. तिच्या डोक्यावर टपली मारली, नेहमीपेक्षा हलकी.

"बरी हो आधी. मग तुझ्याशी भांडायचंय मला."

"पुष्कर..."

"मग म्हटलं ना."

बाकासमोरून जाताना तो थबकला नाही. त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली.

विराज त्याच्यामागं जायला निघाला, गौतमीनं त्याला अडवलं. खिडकीतून खालचं आवार दिसत होतं. दुपारच्या रखरखीत उन्हात पुष्करची पांढरी गाडी उभी. तो आत बसला, दार लावलं. आता निघेल, गौतमीला वाटलं. पण गाडी सुरू झाली नाही. तो दोन्ही हात चक्रावर ठेवून समोर बघत बसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

रंजूमावशी खिडकीशी येऊन उभी राहिली. मागोमाग शोभा आली.

"वाट बघतोय," शोभा म्हणाली.

"कुणाची?" मावशीनं विचारलं. दोघींपैकी एकीनंही जिन्याकडे पाऊल टाकलं नाही.

आतून परिचारिकेनं येऊन सांगितलं, नमुना उत्तम आहे, यंत्र शिकायला लागलंय, उद्या सकाळी पहिली बैठक. विराजनं गौतमीचा हात घट्ट दाबला. वाचणार होती ती, बहुधा. अंगात कुठंतरी आनंद व्हायला हवा होता, आणि ती त्याची वाट बघत उभी होती.

शर्वी काजूची पिशवी घेऊन खिडकीशी आली. चवड्यांवर उभी राहिली, काचेला नाक लावलं. खालच्या गाडीकडे पाहिलं, मग एका आजीकडे, मग दुसऱ्या आजीकडे. सकाळपासून ती सगळं ऐकत होती, आणि कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

तिनं गौतमीचा कुर्ता ओढला.

"आई," ती म्हणाली, "पुष्करमामाला भूक लागली की तो आता 'आई' म्हणून कुणाला हाक मारणार?"